डीप फ्रीझर उणे १८ ला जाईना? गॅस भरताना या चुका टाळा

मे महिन्यात एका आइस्क्रीमवाल्या मित्राचा फ्रीझर बघायला गेलो, तापमान उणे ११ वर अडकलेलं, कंप्रेसर दिवसभर चालूच आणि कप बोटाने दाबला तर खड्डा पडत होता. थर्मोस्टॅट बदलून झालेला, कंडेन्सर (उष्णता बाहेर टाकणारी जाळी) धुऊन झालेला, थंड करणारा गॅस दोनदा भरलेला. कुठला भरला विचारलं तर म्हणे १३४ए, आणि मागच्या प्लेटवर स्पष्ट आर-४०४ए, म्हणजे वेगळाच गॅस, लिहिलेलं!

सगळ्यात मोठी चूक हीच, हाताशी असेल तो गॅस भरायचा. आत उणे १८ अंश पाहिजे तर आतल्या थंड कॉइलमधला गॅस उणे २८-३० ला उकळायला हवा. आता १३४ए नेहमीच्या हवेच्या दाबाला उणे २६ ला उकळतो, म्हणजे त्याच्याखाली न्यायचा तर सक्शन (कंप्रेसर गॅस ओढतो ती बाजू) व्हॅक्यूममध्ये, म्हणजे हवेच्या दाबाच्या खाली, जाते आणि वाफ इतकी विरळ होते की तोच कंप्रेसर, तेवढेच फेरे, पण ४०४ए च्या मानाने थंडावा जेमतेम निम्मा. ४०४ए उणे ४६ च्या आसपास उकळतो म्हणून तिथे त्याला दम राहतो. मित्राचा गॅस काढला, ड्रायर (ओल शोषणारा फिल्टर) बदलला, पंपाने आतली हवा-ओल नीट ओढून व्हॅक्यूम केलं आणि ४०४ए वजन करून भरला (सिलिंडर उलटा धरून लिक्विडच भरायचा, तो मिश्रण आहे, वाफ भरली तर प्रमाण बिघडतं), रात्रीपर्यंत उणे २० आलं.

उलटं पण करू नका हं. १३४ए च्या कंप्रेसरला ४०४ए दिला की जास्त थंड होईल असं वाटतं, पण उन्हाळ्यात कंडेन्सरचं प्रेशर जवळजवळ पावणेदोन पट होतं, मोटर तापते, ओव्हरलोड (मोटर वाचवणारा स्विच) ट्रिप होत राहतो आणि शेवटी मोटरचं वाइंडिंग जळतं.

घरच्या फ्रिजमध्ये हल्ली आर-६००ए हा गॅस असतो, त्याच्या सक्शनचा दाब गेजवर शून्याच्या खालीच असतो. गेजचा काटा खाली दिसला म्हणून गॅस कमी आहे असं समजून अजून सोडतात आणि मग सक्शन पाइपवर कंप्रेसरपर्यंत बर्फ धरतो. तो गॅस ग्रॅममध्ये मोजायचा, प्लेटवर लिहिलेला असतो तेवढाच, वजनकाटा नसेल तर कामच घेऊ नका.

आणि स्वयंपाकाचा एलपीजी फ्रिजमध्ये कोणी भरत असेल तर हात धरून थांबवा. त्यात प्रोपेन-ब्यूटेनचं प्रमाण ठरलेलं नसतं, ओल असते, आणि १३४ए साठी बनवलेल्या फ्रिजच्या थर्मोस्टॅटची एक ठिणगी लीक झालेल्या गॅसला पुरते.