जुन्या औष्णिक संचावर रुजू होताय? आधी ट्यूब लीकेज समजून घ्या

नाशिकजवळच्या एकलहऱ्याचे 210 मेगावॉटचे संच 1979 ते 1981 या काळात सुरू झाले. चंद्रपूर आणि खापरखेड्यातही याच क्षमतेचे जुने संच आहेत. अशा ठिकाणी बॉयलर मेंटेनन्सला नेमणूक झाली, तर पहिला अभ्यास ट्यूब लीकेजचा, म्हणजे बॉयलरमधल्या पाणी-वाफेच्या नळ्या फुटण्याचा करा. जुना संच अवेळी बंद पडतो तो बहुतेक वेळा यामुळेच.

लीकेज आधी कंट्रोल रूममध्ये कळतं. डीएम (क्षारमुक्त) पाण्याचा मेकअप, म्हणजे वरून भरावं लागणारं पाणी, वाढतो, फीड वॉटर (बॉयलरमध्ये जाणारं पाणी) आणि स्टीम फ्लोमधला (बाहेर पडणारी वाफ) फरक रुंदावतो, धूर ओढणाऱ्या आयडी फॅनचे अँपिअर चढतात. इकॉनॉमायझरच्या (बाहेर जाणाऱ्या गरम वायूवर फीड वॉटर तापवणाऱ्या नळ्या) खालच्या, राख गोळा करणाऱ्या हॉपरमधून ओली राख आली, तर शंकेला जागाच नाही. 'लोड आहे, आणखी दोन दिवस ओढू' हा मोह टाळा. फुटलेल्या नळीची वाफ शेजारच्या नळ्या कापत जाते, आणि एका नळीचं काम दहा नळ्यांवर जातं.

आपल्या कोळशात राख 35-40 टक्के, तीही सिलिकायुक्त. फ्लू गॅस (जळणाचा धूर) दुसऱ्या पासमध्ये, म्हणजे भट्टीनंतरच्या खाली उतरणाऱ्या मार्गात वळताना राख मागच्या भिंतीकडे फेकली जाते, म्हणून इकॉनॉमायझरची बेंड्स तिथे आधी झिजतात. झीज वेगाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते: वेग 10 टक्के वाढला, तर झीज जवळपास 33 टक्के. डक्ट (वायूचे मार्ग) आणि त्यांचे लवचिक एक्स्पान्शन जॉइंट फाटून हवा आत शिरली की हाच वेग वाढतो. म्हणून नुसती नळी बदलू नका, हवा कुठून आत शिरते तेही शोधा.

आत शिरण्यापूर्वी परमिट, फॅन-मिलचे ब्रेकर लॉक, 24 व्होल्टचा दिवा आणि मॅनहोलबाहेर एक माणूस. यात सवलत नाही. टॉर्च नळीला समांतर धरा, समोरून मारू नका. चपटा झालेला भाग सावलीत लगेच उठून दिसतो. गंज नसलेला, चकचकीत पट्टा म्हणजे झीज अजून चालू आहे. तिथे अल्ट्रासॉनिक मीटरने जाडी घ्या. 4.5 मिमीची नळी 3 मिमीवर आली असेल, तर ती याच शटडाऊनमध्ये बदलण्याचा आग्रह धरा. पॅड वेल्डिंग (झिजलेल्या जागी वेल्डिंगचा थर चढवणं) ही तात्पुरती सोय आहे. नळीवरचं निसटलेलं संरक्षक शील्डही तेव्हाच बसवा.

नवा तुकडा टाकताना रूट (जोडाचा पहिला थर) टिग वेल्डिंगने, मग जोडाची रेडिओग्राफी, शेवटी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी). रजिस्टरमध्ये 'इकॉनॉमायझर लीकेज' एवढंच लिहू नका. कॉइल क्रमांक, भिंतीपासूनचं अंतर आणि मोजलेली जाडी लिहा. पुढच्या ओव्हरहॉलसाठी किती नळ्या मागवायच्या, हे त्यावरूनच ठरतं.