सेकंड हार्मोनिक मोजायला बसण्याआधी

सोमवारी सेटअप तुझ्या हातात येईल. चांदीच्या थरावर ८०० नॅनोमीटरचा लेझर पाडायचा आणि तिथून निघणारा दुप्पट कंपनसंख्येचा, म्हणजे ४०० नॅनोमीटरचा निळा प्रकाश मोजायचा; हाच सेकंड हार्मोनिक. रविवारी सराफ्याच्या खाऊगल्लीत जाग, पण फार उशिरापर्यंत नको. झोपाळू डोळ्यांनी ८०० नॅनोमीटरच्या लेझरपाशी उभं राहायचं नसतं. हा प्रकाश डोळ्याला जेमतेम मंद लाल दिसतो आणि म्हणूनच फसवतो. गॉगल ८०० आणि ४०० दोन्हींसाठी चालणारा आहे ना, ते त्याच्यावर छापलेलं वाचून घे. घड्याळ, अंगठी घरीच ठेव.

चांदीचे थर आधीच करून ठेवू नकोस. इंदूरच्या पावसाळी हवेत तर नाहीच. देवघरातलं निरांजन काळं पडतं तसाच हा थरही सल्फाइडने मळतो. डोळ्याला कळायच्या आधी सिग्नल बदललेला असतो. चांदीच्या स्फटिकाला मध्यसममिती असते (मध्यबिंदूतून उलटवला तरी रचना तीच राहते), त्यामुळे आतल्या धातूतून दुप्पट कंपनसंख्येचा प्रकाश जवळपास येतच नाही. ती सममिती मोडते पृष्ठभागावर. म्हणजे आपण मोजतो ते वरचे एक-दोन अणुथर, आणि मळही नेमका तिथेच बसतो. थर आदल्या संध्याकाळी कर, डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेव, कडेला चिमट्याने धर. जाडी लिहून ठेव. थर पंधरा-वीस नॅनोमीटरचा असेल तर प्रकाश काचेपर्यंत पोचतो आणि खालच्या पृष्ठभागाचा सिग्नलही त्यात मिसळतो. मग आलेख कुणाचा, हे सांगता येत नाही.

सगळ्यात जास्त वेळ फिल्टरना दे. नमुन्याच्या आधी लाल फिल्टर हवाच, कारण आरसे आणि लेन्सही थोडा निळा प्रकाश तयार करतात. नमुन्यानंतर निळा फिल्टर लाव, म्हणजे उरलेला ८०० तिथेच अडेल. मी पहिल्या वेळी नमुन्याआधीचा लाल फिल्टर विसरलो आणि दोन दिवस एका लेन्सचा अभ्यास केला! सिग्नल आला की लगेच खूश होऊ नकोस. पॉवर निम्मी कर. सिग्नल चौथाई व्हायला हवा. नाही झाला तर तो आपला नव्हे. मोनोक्रोमेटर (एकेक तरंगलांबी वेगळी काढणारं यंत्र) ४०० च्या आजूबाजूला फिरव. पसरट उजेड दिसला तर ती ल्युमिनिसन्स, म्हणजे धातूची स्वतःची चमक, खडबडीत चांदीत ती हमखास असते.

पोलरायझर आणि हाफ-वेव्ह प्लेट प्रकाशाच्या कंपनाची दिशा ठरवतात: आपाती प्रतलातली ती पी, त्याला लंब ती एस. ती तपासताना सोपी खूण म्हणजे आत जाणारा प्रकाश निव्वळ पी किंवा निव्वळ एस असेल, तर साध्या बहुस्फटिकी थरावर एस आउटपुट जवळजवळ शून्य यावा. एकाच स्फटिकाचा (१११) पृष्ठभाग, म्हणजे अणूंची त्रिकोणी मांडणी असलेली बाजू, फिरवलास तर आलेखात पी आउटपुटला तीन पाकळ्या, एसला सहा. फिरवताना बिंदू जागेवरून सरकला तर पाकळ्या वाकड्या येतील, तेव्हा अक्ष आधीच जुळवून घे.

क्वार्ट्जचा संदर्भ तुकडा माझ्या खणात, डाव्या डबीत आहे. सुरुवातीला मोज आणि शेवटी परत मोज. दोन आकडे जुळले नाहीत तर मला फोन कर, रात्री अकरापर्यंत चालेल.