मनातलं मोठ्याने: कबड्डी प्रशिक्षकांसाठी बोलत्या चिंतनाची पद्धत

पकड सुटली की प्रशिक्षक ओरडतो, "घाई केलीस!" ही घाई त्याला आधीच दिसली होती, की गुण गेल्यावर सुचली, हे संध्याकाळी त्यालाही नक्की सांगता येत नाही. निकाल कळला की आठवणही त्याच्याकडे झुकते. म्हणून सरावानंतर वहीत लिहिलेली कारणं बहुतेक वेळा मागाहून रचलेली असतात. खरी कारणं हाती लागावीत तर निर्णय घडत असतानाच मनातलं तोंडाने बोलायचं आणि फोनवर रेकॉर्ड करायचं.

ही पद्धत मानसशास्त्रातून आली. अँडर्स एरिक्सन आणि हर्बर्ट सायमन यांनी १९८० मध्ये अशा बोलण्याचे तीन स्तर मांडले. पहिल्यात मनात शब्दांतच असलेलं जसंच्या तसं बाहेर येतं. दुसऱ्यात डोळ्यांपुढचं चित्र किंवा जाणीव शब्दांत आणावी लागते. तिसऱ्यात माणूस "का" ते समजावू लागतो, आणि समजावताना त्याचा विचारच बदलतो. प्रशिक्षकाला तिसरा स्तरही उपयोगी आहे, पण तो सराव संपल्यावर. मॅटच्या कडेला उभं असताना पहिले दोनच.

साहित्य थोडंच लागतं. फोन, वायरचा कॉलर माइक आणि फोन ठेवायला कमरेचा पाऊच. फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर कॉल आला की रेकॉर्डिंग थांबू शकतं. माइक छातीवर, हनुवटीपासून साधारण वीतभर खाली लावा. शिट्टी त्याच बाजूला लटकत असेल तर तिचाच खडखडाट ऐकू येईल. आधी मुलांचा कल्ला सुरू असताना दोन मिनिटं रेकॉर्ड करून ऐका.

खेळाडूंना अगोदर सांगा. "सर स्वतःशी बोलतायत" हे कळलं नाही, तर प्रत्येक पुटपुट आपल्याबद्दलच आहे असं मुलांना वाटतं. बोलताना नाव न घेता जर्सी क्रमांक घ्या. खेळाडू अल्पवयीन असतील तर पालकांची आणि संस्थेची परवानगी घ्या. काम झालं की फाइल पुसून टाका.

पहिल्याच दिवशी मॅटवर प्रयोग करू नका. आधी घरी जीभ मोकळी करा: २४ गुणिले ३६ तोंडी करताना प्रत्येक पायरी मोठ्याने बोला, मग लहानपणीच्या घरातल्या खिडक्या आठवून मोजा. असे चार-पाच प्रयत्न झाले की अवघडलेपण कमी होतं. ज्या बोलीत विचार येतो त्याच बोलीत बोला, मालवणी असो वा वऱ्हाडी. प्रमाण मराठीत बोलायला गेलात की वाक्यं नीटनेटकी होतात आणि विचार मागे राहतो.

मग सरावातल्या सातविरुद्ध सात खेळाची १० मिनिटं निवडा. मॅटपासून तीन-चार मीटर दूर उभे राहा, आवाज हळू ठेवा. बोलणं असं यावं: "डावा कोपरा पुढे आलाय. चढाईपटू बोनसकडे बघतोय. साखळी सुटली. थांबवू का? नको, अजून एक चढाई बघतो." (कोपरा म्हणजे टोकाचा बचावपटू, बोनस म्हणजे जादा गुणाची रेषा, साखळी म्हणजे हात धरून उभे बचावपटू.) अर्धवट वाक्यं चालतील. गप्प झाल्याचं लक्षात येत नसेल तर सहायकाला पंधरा-वीस सेकंद शांतता झाली की फक्त "बोलत राहा" म्हणायला सांगा. "आता काय वाटतंय?" असं त्याने विचारू नये. त्या प्रश्नाने तुम्ही उत्तर तयार करू लागता. खेळाडूला सूचना देताना, पकड करून दाखवताना किंवा कुणाला लागलं तर मनातलं बोलणं तिथेच थांबवा.

सर्वात जास्त वेळा होणारी चूक म्हणजे समालोचन. "चढाई सुरू, हात लावला, परतला" यात प्रशिक्षकाचं मन कुठेच नाही. दुसरी चूक रेकॉर्डरसाठी बोलण्याची: आवाज चढतो, शब्द पुस्तकी होतात. त्यावर उपाय म्हणजे पहिली दोन रेकॉर्डिंग न ऐकता पुसणं.

त्याच रात्री, फार तर दुसऱ्या दिवशी, ऐकायला बसा. सगळं ऐकू नका, तीन-चार मिनिटांचे दोन तुकडे पुरेत. फाइली साठत गेल्या की ही सवय पंधरवड्यात सुटते. कागदावर चार रकाने आखा: पाहिलं, अंदाज, ठरवलं, सांगितलं. "डावा कोपरा पुढे आलाय" हे पाहिलं. "दमलाय" हा अंदाज. या दोहोंतला फरक हातात येणं हेच या सगळ्या खटाटोपाचं मोल आहे. तो कोपरारक्षक कदाचित दमलेला नसेल. घोटा दुखत असेल, किंवा शेजारचा मध्यरक्षक वेळेवर येत नाही म्हणून तो एकटाच पुढे सरकत असेल. अंदाजाच्या रकान्यातली एक ओळ निवडून दुसऱ्या दिवशी त्या खेळाडूलाच विचारा.

रकाने मोजले की नजरेची सवयही उघडी पडते. "पाहिलं"मधल्या बहुतेक नोंदी चढाईपटूच्या असतील, तर बचावाचे पाय तुम्हाला दिसतच नाहीत. पुढच्या सरावात सलग पाच चढायांत फक्त उजव्या मध्यरक्षकाचे पाय बघा आणि तेवढंच बोला. "ठरवलं" भरलेला आणि "सांगितलं" रिकामा असेल, तर सूचना मनातच राहतायत. उलट असेल तर ठरण्याआधीच तोंडातून शब्द जातायत.

तिसऱ्या स्तराचं बोलणं आता. तीन मिनिटांची वेगळी फाइल करा: एक निर्णय, तो का घेतला, दुसरं काय करता आलं असतं. मग ती सहकारी प्रशिक्षकाला ऐकवा. त्याने वीस मिनिटं फक्त प्रश्न विचारायचे, सल्ला द्यायचा नाही. हे जमणारा सहकारी मिळणं अवघड असतं, पण मिळाला तर त्याला सोडू नका.

आठवड्यातून एकदा, सलग सहा आठवडे एवढं पुरे. सामन्यात लगेच नको: सलग दोन चढाया गुणाविना गेल्यावरची तिसरी, करो या मरो चढाई सुरू असताना बोलण्याकडे गेलेलं लक्ष महाग पडतं. सुरुवात मैत्रीपूर्ण लढतीत करा, तीही टाइम-आउटपुरती. तो मागण्याआधी पाच सेकंदांत "का मागतोय" एवढंच पुटपुटा. टाइम-आउटच्या ३० सेकंदांत खेळाडूंना काय सांगितलं, ते नंतर त्या पाच सेकंदांशी ताडून बघा.