मे महिन्यात बालीतला बाटूर ज्वालामुखी चढणाऱ्या मंडळींसाठी

पासपोर्ट, तिकीट, पैसे यावर मी बोलणार नाही, ते टूरवाला बघेल. फक्त बालीत पोचल्यापासून पुढं पासपोर्टची सहा महिने मुदत शिल्लक आहे का, तेवढं आजच बघा. बाकी सगळं चढाईच्या त्या एका रात्रीबद्दल.

कोरडा शर्ट. प्रत्येकाचा स्वतःचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, सॅकमध्ये. बाली म्हणजे उकाडा, हे डोक्यातून काढून टाका. बाटूर १७१७ मीटर उंच आहे आणि पहाटे वर बोचरं वारं असतं. चढताना माणूस घामानं चिंब होतो, मग उजाडेपर्यंत एका जागी बसून राहायचं, तेव्हा तोच घाम अंगावर गार पडतो. गेल्या खेपेला आमच्याकडं जर्किन होती, कानटोपी होती, एकाकडं तर मफलरसुद्धा. आतला शर्ट बदलायला एकाकडंही नव्हता. ओल्या शर्टावर कितीही चढवा, काही उपयोग नाही. सूर्य वर आला तेव्हा निम्मी मंडळी त्याच्याकडं पाठ करून वाफेच्या भेगांपाशी हात शेकत बसलेली. म्हणून सांगतो, कोरडा शर्ट. वर पोचल्या पोचल्या बदलायचा, फोटो नंतर.

बालीचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढं. बालीतल्या उबुड गावातून गाडी पहाटे दोनच्या सुमाराला निघते, म्हणजे आपल्या अंगाच्या हिशेबानं रात्रीचे साडेअकरा. तेव्हा पोचल्या रात्रीच हा बेत ठेवू नका, दोन दिवस जाऊ द्या. आदल्या दिवशी लवकर जेवून आडवं व्हायचं. पत्त्यांचा डाव मांडणारा एक तरी असतोच, त्याला वेगळी खोली द्या.

खालच्या तळ्यापासून माथ्यापर्यंत साडेसहाशे-सातशे मीटर चढ आहे, साधारण दोन तासांचा. रंकाळ्याला चकरा मारून ही तयारी होत नाही, तिथं चढ कुठं आहे? रविवारी गाडी खाली लावून जोतिबाला पायी चढा, पुढच्या रविवारी पन्हाळा. पाठीवर भरलेली सॅक घेऊन. आणि हो, त्या सॅकेत शर्ट ठेवायची सवयही तेव्हाच लावून घ्या.

बुटांचं जरा ऐका. आपला सह्याद्रीही लाव्हाचाच, पण सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, घट्ट बसलेला. बाटूरचा शेवटचा उद्रेक २००० सालचा. वरच्या टप्प्यात पायाखाली काळी भुसभुशीत खडी, एक पाऊल पुढं टाकावं तर अर्धं मागं येतं. घोटा धरणारे, आधी वापरून रुळलेले बूट घ्या. नवे कोरे नकोत. पायाची नखं कापा, उतरताना अंगठा बुटाच्या टोकावर आदळत राहतो. गुडघे कुरकुरणाऱ्यांनी काठी घ्यावी, त्यात कमीपणा नाही.

बॅटरी डोक्याला लावायची. मोबाइलची चालणार नाही, हात मोकळे लागतात. स्थानिक वाटाड्या घ्यावाच लागतो, त्याच्याशी घासाघीस करत तासभर घालवू नका. सगळ्यांत हळू चालणाऱ्याला पुढं ठेवा, नाहीतर तालमीतली पोरं सुटतात आणि मागच्यांना शोधत बसावं लागतं. पाणी दीड लिटर. पायथ्याला शौचालय आहे, लागली नसली तरी जाऊन या.

वर वाफेवर उकडलेली अंडी आणि केळी मिळतात. ज्यांचा गुरुवार असेल किंवा गळ्यात माळ असेल त्यांनी केळ्यावर भागवावं, किंवा शेंगदाण्याचे लाडू न्यावेत. भडंगही चालेल, पण पिशवी माकडांना दिसू देऊ नका. ती तिथं टपूनच असतात.

विवराच्या कडेनं वाट अरुंद आहे. वाटाड्या थांबवेल तिथं थांबा, सेल्फीसाठी एक पाऊलही पुढं नको. भेगांतली वाफ भाजते, हात लांबूनच धरा. समोर तळ्यापलीकडं आबांग आणि त्यामागं आगुंग हे डोंगर दिसतात, हवा स्वच्छ असली तर शेजारच्या लोंबोक बेटावरचा रिंजानी डोंगरही. खाली काळी पसरलेली लाव्हा बघायला विसरू नका. १९२६ च्या उद्रेकात बाटूर गाव आणि तिथलं देऊळ गाडलं गेलं, लोकांनी दोन्ही भोवतालच्या मोठ्या जुन्या विवराच्या कडेवर नव्यानं वसवली. हे सगळं नीट बघायचं तर अंगात हुडहुडी नको, म्हणजे पुन्हा तेच. कोरडा शर्ट. कुणी म्हणेल जर्किन आहे की. त्याला हा परिच्छेद वाचून दाखवा.

उतरताना सावकाश, गुडघे वाकवून, एकमेकांच्या मागं अंतर ठेवून. आठ-साडेआठला ऊन लागतं, टोपी. खाली तोया बुंगकाह गावात गरम पाण्याची कुंडं आहेत, जायचं असेल तर टॉवेल गाडीतच ठेवा. वाटाड्याला बक्षिसी आधीच गोळा करून एकाकडं द्या. गाडीत बसण्यापूर्वी बुटातली खडी झटका, ड्रायव्हर वैतागतो.