ड्रिंक अँड ड्राइव्हची केस झाली आणि मुलाच्या कस्टडीची पण चालू आहे, काय करायचं

"मॅडम, माझ्यावर ड्रिंक अँड ड्राइव्हची केस झालीय, घटस्फोटाचं आधीच चालू आहे, आता मुलगी मला भेटायचीच बंद होणार का?" हा प्रश्न फॅमिली कोर्टाच्या पॅसेजमध्ये मला सारखा ऐकू येतो आणि विचारणाऱ्याने तोवर दोन-तीन चुका करून ठेवलेल्या असतात, म्हणून एकदा क्रमाने लिहितेय. आधी उत्तर सांगते. एका केसमुळे कस्टडी किंवा भेटी आपोआप जात नाहीत, पण तुम्ही ती केस कशी हाताळलीत आणि त्या वेळी मूल गाडीत होतं का, याने खूप फरक पडतो.

पहिलं, नाकाबंदीवर. मशीनमध्ये फुंकायला सांगितलं तर फुंका. नाही म्हटल्याने सुटका होत नाही, उलट तो नकारच पुढे तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून येऊ शकतो. मर्यादा आहे 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोल, त्याच्या वर गेलं की मोटार वाहन कायद्याचं कलम 185 लागतं. मशीनवरचा आकडा आणि वेळ स्वतः बघा, स्लिप मागा. अटक झाली तर दोन तासांच्या आत डॉक्टरी तपासणी व्हायला हवी, नाही झाली तर सोडावं लागतं. अटकेचं कारण सांगणं आणि घरच्यांपैकी एकाला कळवणं हे पोलिसांचं काम आहे, तुम्ही शांतपणे मागा, आवाज चढवू नका. लायसन्स काढून घेतलं तर पावती घ्या. आणि "साहेब, इथेच बघा ना काहीतरी" असं चुकूनही म्हणू नका, लाच देणं हा वेगळा गुन्हा आहे आणि तो 185 पेक्षा कितीतरी जड जाईल.

मूल सोबत असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी मुलाच्या आईला किंवा वडिलांना फोन करा, तुमचं बोलणं बंद असलं तरी. मी हे कळकळीने सांगतेय. रात्री अकरा वाजता पोलीस चौकीत बसलेलं मूल आणि दुसऱ्या पालकाला ते दोन दिवसांनी तिसऱ्याच माणसाकडून कळणं, हे रेकॉर्डवर आलं की कोर्टात तुमच्या बाजूने बोलायला वकिलाकडे काही उरत नाही.

दुसरं, मॅजिस्ट्रेट कोर्ट. हेल्मेटच्या चलानसारखं 185 जागेवर पैसे भरून मिटत नाही, कोर्टात जावंच लागतं. पहिल्या गुन्ह्याला 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, परत सापडलात तर 2 वर्षांपर्यंत आणि 15,000 पर्यंत. बरेच जण काय करतात, तारखेला जातात, गुन्हा कबूल म्हणतात, दंड भरतात आणि सुटलो म्हणून घरी येतात, पण कबुली म्हणजे दोषी ठरणं, आणि 185 मध्ये दोषी ठरलात की कोर्टाला किमान 6 महिन्यांसाठी तुम्हाला लायसन्सला अपात्र ठरवावं लागतं. म्हणजे रोज सकाळी मुलाला शाळेत सोडायचं काम तुमच्याकडे असेल तर ते कोण करणार, याचं उत्तर कबुली द्यायच्या आधी तयार पाहिजे. कबूल करूच नका असं मी म्हणत नाही, काही केसमध्ये तेच शहाणपणाचं असतं, फक्त वकिलाला कागद दाखवून ठरवा. आणि तारीख चुकवू नका, वॉरंट निघालं की ते कस्टडीच्या केसमध्ये आलंच समजा. अपघातात कोणी जखमी झालं असेल किंवा गेलं असेल तर मात्र हा लेख पुरेसा नाही, त्याच दिवशी क्रिमिनल वकील गाठा.

तिसरं, आणि इथेच लोक सगळ्यात जास्त चुकतात. फॅमिली कोर्टातल्या तुमच्या वकिलाला ही केस लगेच सांगा. लपवायचा मोह होतो, समजू शकते, पण समोरचा पक्ष ई-कोर्ट्सवर, म्हणजे कोर्टातल्या केसेसची माहिती देणाऱ्या सरकारी वेबसाइटवर, नाव टाकून शोधू शकतो आणि उलटतपासणीत ते बाहेर आलं की दारूपेक्षा खोटं बोलणं महागात पडतं. कोर्ट बघतं ते मुलाचं हित. वागणूक हा त्यातला एक भाग आहे, सगळं नाही. त्यामुळे दुसरी बाजूही कागदावर असू द्या, जसं की शाळेच्या फीच्या पावत्या, पालकसभेला गेल्याची नोंद, लसीकरणाचं कार्ड, मूल आजारी असताना कोण डॉक्टरकडे घेऊन गेलं ते. दारूची सवय खरंच असेल तर उपचार सुरू करा आणि त्याचे पेपर द्या, हे मी पक्षकारांना अगदी समोर बसवून सांगते, कारण ते फक्त केससाठी नाही.

भेटीच्या दिवशी गाडी नेऊ नका, लायसन्स हातात असलं तरी. रिक्षाने या, वेळेवर या. मागणीही वास्तववादी ठेवा. लगेच रात्रीचा मुक्काम मागण्यापेक्षा आधी कोर्टाच्या आवारात किंवा आजी-आजोबांच्या समोर भेट, मग रविवार, मग अर्धी मे महिन्याची सुट्टी, असं टप्प्याटप्प्याने मिळतं. मधल्या काळात व्हिडिओ कॉल मागा. कस्टडीचे आदेश परिस्थिती बदलली की बदलून मागता येतात, त्यामुळे आज कमी मिळालं म्हणजे कायमचं कमी असं नाही.

आता दुसऱ्या बाजूला असलेल्यांसाठी, म्हणजे ज्यांच्या जोडीदारावर ही केस आहे आणि ज्यांना मूल पाठवायची भीती वाटते. ती भीती खरी आहे, पण स्वतःच्या मनाने भेटी बंद करू नका, कोर्टाचा आदेश असेल तर तो मोडल्याचा ठपका तुमच्यावर येतो. लगेच अर्ज द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेला व्हिडिओ पुरेल असं धरून चालू नका, मॅजिस्ट्रेट कोर्टातून निकालाची सर्टिफाइड कॉपी काढा आणि ती लावा. "पूर्ण बंद करा" यापेक्षा नेमक्या अटी मागा, जसं की मुलाला गाडीने नेणार नाही, भेटीच्या आदल्या रात्रीपासून दारू नाही, सोबत अमुक नातेवाईक असेल. समोरचा तयार असेल तर याच अटी कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांच्या संमतीने कोर्टात दिलेल्या लेखी तडजोडीत, लिहून घेता येतात. पाच वर्षांखालचं मूल हिंदू कायद्यात साधारणपणे आईकडे राहतं, त्यापुढे मात्र आईच किंवा बाबाच असं काही ठरलेलं नाही, आणि "नऊ वर्षांचं झालं की मूल म्हणेल तिकडे" हे ऐकीव आहे. समजण्याइतकं मोठं असेल तर जज मुलाशी बोलतात, पण निर्णय त्यांचा असतो. त्यामुळे मुलाला पढवून आणू नका हो, चेंबरमध्ये ते लगेच कळतं आणि त्रास त्या लेकराला होतो.

शेवटी पैशांचं. वकील परवडत नाही म्हणून दोन्ही केसमध्ये एकटं उभं राहू नका. बायकांना उत्पन्न कितीही असलं तरी सरकारी विधी सेवा मोफत मिळते, कोठडीत असलेल्यांनाही मिळते, आणि बाकीच्या बहुतेकांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 3 लाख आहे. जिल्हा कोर्टाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, नाहीतर 15100 वर फोन करा. जाताना आधार कार्ड, केसचे असतील ते सगळे कागद आणि पुढची तारीख एका चिठ्ठीवर लिहून न्या.