तरुण मुलांना रिसर्चमध्ये घेताय? मग आधी एवढी तयारी करा

मागच्या खेपेला आम्ही १५ ते १९ वयाची १४ मुलंमुली घेऊन वस्तीच्या आरोग्यावर रिसर्च केला. झोप, ताण आणि संध्याकाळी निवांत बसायला-खेळायला सुरक्षित जागा आहे का, असा विषय होता. ८ महिने पोरं राबली, प्रश्न त्यांनीच काढले, फोटो त्यांनीच काढले, लोकांच्या दारात उभं राहून फॉर्म भरून घेतले, आणि मग ४० पानांचा रिपोर्ट झाला तो मी संबंधित ऑफिसला मेल केला. मिळाला म्हणून पोच आली, त्यापुढे काही नाही. ५ महिन्यांनी ग्रुपमधली एक मुलगी भेटली, म्हणाली, "ताई, आपल्या त्या कामाचं पुढे काय झालं?" मला उत्तर देता आलं नाही. पुढच्या कामाला बोलावलं तर १४ पैकी २ जण आले, बाकीच्यांनी निरोपाला उत्तरसुद्धा दिलं नाही, आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. म्हणून ही यादी, आणि म्हणून यादीत पहिलं तेच जे मी विसरले होते.

पोरं गोळा करण्याआधी, विषय ठरवण्याआधी, फॉर्म छापण्याआधी ऐकणारा माणूस शोधा. ऐकणारा म्हणजे कार्यक्रमाला येऊन कौतुक करून जाणारा पाहुणा नाही. ज्याच्या सहीने काहीतरी बदलतं तो. मैदानाचे दिवे लावायचे असतील तर ते खातं ज्याच्याकडे आहे तो, दवाखान्याची वेळ बदलायची असेल तर ती बदलायचा अधिकार ज्याला आहे तो, शाळेत समुपदेशक हवा असेल तर नेमणूक जो करतो तो. त्याला जाऊन भेटा आणि तीन गोष्टी कागदावर घ्या: अमुक तारखेला पोरांचं ऐकून घेईन, अमुक दिवसांत लेखी उत्तर देईन, आणि नाही म्हणायचं असेल तर का नाही ते सांगेन. मोघम "हो हो, या की" चालणार नाही, तारीख घ्या. माणसांच्या बदल्या होतात म्हणून त्या ऑफिसातल्या अजून एकाला यात घ्या.

हे माझ्या मनचं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतलं कलम १२ सगळे सांगतात ते अर्धंच सांगतात, की मुलांना मत मांडायचा हक्क आहे. त्याच वाक्यात पुढे आहे की वय आणि समज बघून त्या मताला योग्य ते वजन द्यायचं. बालहक्कांच्या अभ्यासक लॉरा लंडी यांनी २००७ मध्ये याच कलमाची फोड करून चार गोष्टी सांगितल्या, जागा, आवाज, श्रोता आणि प्रभाव. पहिल्या दोन मी मनापासून केल्या, खोली छान होती, पोरं मोकळेपणाने बोलत होती, पण श्रोताच नव्हता म्हटल्यावर प्रभाव कुठून येणार. तर तारीख. आधी तारीख.

आता विषय. विषय पोरांनी निवडावा हे सगळे म्हणतात पण बऱ्याचदा पैसे देणाऱ्याने तो आधीच ठरवलेला असतो. असेल तर पहिल्याच दिवशी तसं सांगून टाका. एका कागदावर मधोमध रेघ मारा, एकीकडे जे ठरलंय ते (विषय, मुदत, पैसे), दुसरीकडे जे त्यांच्या हातात आहे ते. ठरलेलं असूनही "तुम्हाला काय वाटतं?" असं विचारण्याचं नाटक पोरांना लगेच कळतं. रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली, त्यातल्या खालच्या तीन, म्हणजे मुलांना वापरून घेणं, शोभेला बसवणं आणि नावापुरतं घेणं, यांना ते सहभाग मानतच नाहीत. दर वेळी सगळ्यात वरची पायरी गाठायलाच हवी असंही नाही, पण आपण कुठल्या पायरीवर उभे आहोत ते पोरांपासून लपवू नका.

पोरं निवडताना शिक्षकांना "चांगली चार द्या" म्हणू नका, जी आधीच सगळीकडे पुढे असतात तीच मिळतील. शाळा सुटलेली, कामाला जाणारी, घरी लहान भावंडं सांभाळणारी, अपंग, चारचौघांत गप्प बसणारी, यांच्यापर्यंत पोचायला वेळ लागतो, तेवढा वेळ धरून ठेवा. वयाचंही बघा. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ ला किशोरवय म्हणते, संयुक्त राष्ट्रांच्या हिशोबात युवा म्हणजे १५ ते २४, म्हणजे "तरुण" या एका शब्दात अकरा वर्षांचं पोरही येतं आणि बावीस वर्षांची नोकरी करणारी मुलगीही. दोघांना एका खोलीत बसवलंत की धाकटे बोलायचे थांबतात, गट वेगळे करा. मोठ्यांच्या कमिटीत एकटं पोर कधीच बसवू नका, किमान दोन-तीन जण सोबत हवेत. आणि लागतात त्यापेक्षा थोडे जास्त घ्या, परीक्षा येतात, कामं लागतात, काही जण गळणारच.

संमती. अठराच्या आतल्यांसाठी साधारणपणे पालकांची परवानगी आणि मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही लागतं, एकाने दुसऱ्याचं काम होत नाही. पालक हो म्हणाले आणि मूल नको म्हणालं तर नकोच, माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाची नैतिक तत्त्वं सांगणाऱ्या हेलसिंकीच्या जाहीरनाम्यातही मुलाच्या नकाराचा मान ठेवायला सांगितलंय. तुमच्या देशाचा कायदा काय म्हणतो ते वेगळं तपासा. एथिक्स कमिटीकडे, म्हणजे रिसर्चमध्ये कोणाला त्रास होणार नाही ना हे तपासून परवानगी देणाऱ्या समितीकडे, अर्ज लवकर टाका, मुलं आणि आरोग्य म्हटलं की प्रश्न जास्त येतात आणि यायलाच हवेत.

यात एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे ही पोरं नुसती माहिती देणारी नाहीत, माहिती घेणारीसुद्धा आहेत. सोळा वर्षांची मुलगी आपल्याच शेजारणीला ताणाबद्दल विचारते आणि शेजारीण तिला काहीतरी सांगून बसते, आता ते ओझं त्या मुलीच्या डोक्यावर. म्हणून "हे सगळं गुपित राहील" असं वचन कोणालाही देऊ देऊ नका. कोणी मारहाण, अत्याचार किंवा स्वतःला इजा करण्याबद्दल बोललं तर ते पुढे सांगावं लागेल, आणि हे समोरच्याने बोलायला सुरुवात करण्याआधी सांगायचं, नंतर नाही. कोणाला सांगायचं, कुठल्या नंबरवर, रात्र झाली असेल तर काय, हे प्रत्येक पोराच्या खिशातल्या कार्डावर लिहून द्या. पोरांनी एकट्याने कोणाच्या घरी जायचं नाही, जोडीने जायचं. रोज काम संपलं की पंधरा मिनिटं बसून "आज काय जड गेलं" एवढं विचारा. यात कंजुषी करू नका, मी अगदी कळकळीने सांगतेय.

आणि संमतीच्या त्याच कागदावर लिहा की तुमच्या माहितीचं काय होणार, ती कोणापुढे मांडणार आणि तुम्हाला त्याचं काय झालं ते कधी कळवणार. ही ओळ भरता येत नसेल तर याचा अर्थ ऐकणारा अजून सापडलेला नाही. थांबा, आधी तो शोधा.

पैसे. वेळेचे पैसे द्या, येण्याजाण्याचे आधी द्या. "बिल आणा मग देतो" केलंत की ज्यांच्याकडे नाहीत ती पोरं कारण न सांगता यायची थांबतात. आणि बजेटमध्ये शेवटच्या बैठकीसाठी वेगळी रक्कम बाजूला काढा, तिला हात लावू नका. माझे सगळे पैसे माहिती गोळा करण्यात गेले, उत्तर घेऊन पोरांकडे परत जायला ना पैसे उरले ना माणूस.

ट्रेनिंगमध्ये भाषण नको, पहिल्या दिवसापासून एकमेकांच्या मुलाखती घ्यायला लावा. "तुला ताण येतो ना?" आणि "शाळेतून आल्यावर कसं वाटतं?" यातला फरक सांगून कळत नाही, ते प्रश्न स्वतःला विचारून घेतले की पटकन कळतो. आमच्या पोरांनी पहिल्या आठवड्यात फक्त आपल्या मित्रांचे फॉर्म भरले, मग आम्ही नकाशा पसरून बसलो आणि कुठल्या गल्लीतून एकही फॉर्म नाही ते त्यांनीच शोधलं, त्यानंतर कोणाला विचारायचं हे शिकवायची गरजच पडली नाही. वीस जण म्हणाले आणि सगळे म्हणतात, या दोन वाक्यांत काय फरक आहे तेही असंच, स्वतःच्या फॉर्मवर दाखवा.

फोटोतून सांगायची पद्धत, फोटोव्हॉइस, पोरांना फार आवडते, पण नियम आधी ठरवा. ओळखू येणाऱ्या माणसाला विचारल्याशिवाय फोटो नाही, कोणाची लाज जाईल असा फोटो नाही, धोक्याच्या जागी जाऊन फोटो नाही. कॅरोलिन वँग आणि मेरी अ‍ॅन बरिस यांनी नव्वदच्या दशकात चीनच्या युनान प्रांतातल्या खेड्यांतल्या बायकांबरोबर ही पद्धत उभी केली, तेव्हा निर्णय घेणाऱ्यांपर्यंत पोचणं हा तिचा एक मूळ हेतूच होता. नंतर वँग यांनी पायऱ्या लिहिल्या त्यात पहिलीच पायरी आहे, ऐकणारे अधिकारी किंवा वस्तीतले पुढारी निवडून त्यांना सामील करून घ्या. कॅमेरा त्याच्या नंतर येतो! मी हे वाचलं होतं, वर्कशॉपमध्ये शिकवलंसुद्धा होतं, आणि तरी सुरुवात केली ती कॅमेऱ्यांपासून.

माहिती आली की लोक पोरांना "थँक्यू" म्हणून घरी पाठवतात आणि अर्थ मोठे लावतात. असं करू नका, खरं काम इथेच आहे. नावं काढून टाका, उत्तरांच्या चिठ्ठ्या करा, जमिनीवर पसरा आणि पोरांना त्यांचे ढीग लावू द्या. आमच्याकडे "रात्री उशिरा झोपतो" अशा भरपूर चिठ्ठ्या होत्या, मी आणि माझ्या सहकाऱ्याने त्या बिनधास्त मोबाईलच्या ढिगात टाकल्या. एका मुलाने त्यातल्या बऱ्याच उचलून वेगळ्या ठेवल्या, म्हणाला, घरात एकच खोली आहे, बाकीचे झोपले की मगच अभ्यासाला शांतता मिळते. त्यावर उपाय मोबाईल काढून घेणं हा नाही, संध्याकाळी अभ्यासाला उघडी राहणारी एखादी खोली हा आहे. आणि ती खोली उघडी ठेवण्याचा अधिकार एका ठराविक माणसाकडे होता, ज्याला मी आधी भेटलेच नव्हते. म्हणजे उत्तर हातात होतं आणि ते द्यायला समोर माणूस नव्हता. परत परत तेच सांगतेय कारण सगळं बाकीचं नीट होऊनही एवढ्या एका गोष्टीने काम पाण्यात गेलं.

पुढचं भराभर सांगते. रिपोर्ट दोन पानांचा करा, ४० पानं कोणी वाचत नाही. पोरांची नावं घालायची का ते प्रत्येकाला वेगळं विचारा, काहींना हवं असतं, काहींना अजिबात नको असतं. प्रमाणपत्र द्या, त्यात नेमकं कुठलं काम केलं ते लिहा. फोटो आणि फॉर्म कुठे राहणार, कधी नष्ट करणार, ते ठरवा. बोलायची तालीम घ्या, अवघड प्रश्न आला तर "बघून सांगतो" म्हणायचं एवढं शिकवा. मांडणी पोरांनीच करायची, तुम्ही मागे बसायचं.

मग परतीची बैठक. उत्तराची मुदत संपली की आठवड्याभरात पोरांना बोलवा, जी मधे सोडून गेली त्यांनाही, आणि ज्यांनी फॉर्म भरून दिले त्यांच्या वस्तीतही जा. काय मान्य झालं, काय नाही आणि का नाही, कोण कधी करणार, सगळं सांगा. उत्तर नकाराचं असेल तरी सांगा. उत्तरच आलं नसेल तर तेही सांगा, आणि पाठपुरावा कोण करणार ते त्याच बैठकीत त्यांच्यासमोर ठरवा.

सध्या नव्या कामाची जुळवाजुळव चालू आहे. ती २ मुलं सोबत आहेत, ऐकणाऱ्याला भेटायला यावेळी तीच माझ्याबरोबर आली होती, तारीख त्यांनीच मागितली आणि कागदावर सही झाल्यावर फोटो काढून ग्रुपवर टाकला. फॉर्म अजून छापलेले नाहीत, ते आता छापू.