पहिलं मॉडेल जोडताना कोणती हत्यारं घ्यावीत

१/७२ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं, मिग-२१ लढाऊ विमानाचं प्लास्टिक मॉडेल पहिल्यांदाच जोडायला घेतलं असेल, तर हत्यारांचा मोठा संच घेऊ नका. ते पैसे एका चांगल्या निपरवर, म्हणजे प्लास्टिकचे भाग कापायच्या छोट्या कटरवर घालवा. पात्यांची एक बाजू सपाट असलेलाच घ्या. वायर कापायच्या साध्या कटरने प्लास्टिक चिरडतं आणि पांढरं पडतं.

भाग स्प्रूवरून (भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावरून) दोनदा कापायचा, हे मी प्रत्येक नवशिक्याला बजावते. पहिला काप भागापासून दोन-तीन मिलिमीटर अंतरावर. मग निपरची सपाट बाजू भागाकडे ठेवून दुसरा, तोही अगदी चिकटून नको. उरलेला कंगोरा हॉबी नाइफने (बदलत्या पात्याच्या पेनासारख्या चाकूने) पातळ पातळ काढा. ११ नंबरचं पातं बोथट झालं की लगेच बदला. बोथट पात्याला जोर लागतो, जोर लावला की ते सटकतं आणि बोटात शिरतं. जुनी पाती झाकणाच्या डबीत टाका.

घासायला हार्डवेअरच्या दुकानातला वॉटर पेपर (ओला करून वापरायचा पॉलिश पेपर) उत्तम: आधी ४०० नंबरचा, मग ६००, शेवटी १०००. पाण्यात बुडवून घासा, धूळ उडत नाही. पंखाच्या कडेला आईस्क्रीमच्या काडीवर चिकटवलेला कागदच वापरा. नुसत्या बोटाने घासलं तर कड गोल होते.

चिमटा बारीक टोकाचा हवा. विमानाच्या नाकावरची पिटो नळी (पुढे आलेली बारीक, वेग मोजायची नळी) मात्र सगळ्यात शेवटी लावा, नाहीतर हाताळताना हमखास तुटते.